वर्कशॉप संपल्यावरचे बारा आठवडे: नोकरी सांभाळून मॅन्युअल थेरपी शिकताना

रविवारी संध्याकाळी मॅन्युअल थेरपीचं, म्हणजे सांध्यांवर हातांनी उपचार करण्याचं, वर्कशॉप संपतं. सर्टिफिकेट हातात धरलेला फोटो ग्रुपवर पडतो, अंगठे ठणकत असतात आणि दोन दिवसांत पाहिलेली चाळीसेक टेक्निक्स डोक्यात गर्दी करतात. सोमवारी सकाळी पहिला पेशंट कंबर धरून ओपीडीत येतो. त्या चाळिसांतलं नेमकं कोणतं करायचं, किती जोरात, किती वेळ, हे आठवेपर्यंत दुसरा पेशंट दारात उभा राहतो. मग हात आपोआप जुन्या सवयीवर जातात. तीन आठवड्यांत हँडआउट कपाटात जाऊन बसतं.

हा कोणाच्या आळसाचा दोष नाही. मानेच्या दुखण्यावरच्या उपचारांबाबत २००९ साली जोशुआ क्लिलँड आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली होती. ११ क्लिनिकमधल्या १९ फिजिओथेरपिस्टनी दोन दिवसांचा तोच कोर्स केला. नंतर त्यांच्यापैकी काहींना लहान गटाच्या बैठका आणि क्लिनिकमध्ये येऊन दिलेलं मार्गदर्शन मिळालं, उरलेल्यांना कोर्सनंतर काहीच मिळालं नाही. ज्यांचा पाठपुरावा झाला, त्यांच्या पेशंटची रोजच्या कामातली अडचण जास्त कमी झाली, आणि तीही कमी सिटिंगमध्ये. कोर्स सगळ्यांनी तोच केला होता. फरक पडला तो कोर्सनंतरच्या दिवसांत.

म्हणून या लेखात कोर्स निवडण्याबद्दल लिहिलं आहेच, पण जास्त जागा नंतरच्या बारा आठवड्यांना दिली आहे.

आधी स्वतःच्या फायली काढा

कोणता कोर्स करू, हा प्रश्न सीनियरला विचारण्याआधी स्वतःच्या कपाटाला विचारा. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या ५० ऑर्थो (हाडा-सांध्यांच्या दुखण्याच्या) फायली काढा. कागदावर तीन रकाने आखा: दुखणं कुठलं, किती सिटिंग झाल्या, शेवटी काय झालं. शेवटच्या रकान्यात ‘बरं वाटलं’ असं लिहायचं नाही. काम जमायला लागलं, अर्ध्यात सोडून गेला की जिथे होता तिथेच राहिला, यातलं एक लिहा.

तासाभराचं हे काम आहे आणि त्यातून निघतं ते बहुधा अनपेक्षित असतं. आपल्याला वाटत असतं की मान आपली कच्ची आहे, आणि फायली सांगतात की अडकलेले सगळे खांद्याचे आहेत. कधी असंही दिसतं की अडकलेल्यांपैकी निम्म्यांनी घरचा व्यायाम केलेलाच नाही. तिथे नवं टेक्निक शिकून काही होणार नाही, व्यायाम कमी आणि सोपे करून द्यावे लागतील. पाचव्या-सहाव्या सिटिंगनंतरही जागचे न हललेले पेशंट शरीराच्या ज्या भागाचे सर्वांत जास्त असतील, तो भाग या वर्षाचा. एका वर्षात एकच. मान, कंबर, खांदा, गुडघा सगळं एका वर्षात उरकायला निघालेल्या माणसाचं काहीच पक्कं होत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

घराणी आणि त्यांचे आग्रह

गाण्यात असतात तशी मॅन्युअल थेरपीतही घराणी आहेत. प्रत्येकाचा आग्रह वेगळा आणि प्रत्येकाकडून घेण्यासारखी गोष्टही वेगळी.

ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी मोबिलायझेशनला, म्हणजे सांध्याला हाताने दिलेल्या झोक्यांना, ग्रेड दिले. सांध्याला प्रतिकार लागायच्या आधीच्या टापूत ग्रेड एक आणि दोन, प्रतिकारात शिरून तीन आणि चार. एक आणि चार लहान झोक्याचे, दोन आणि तीन मोठ्या झोक्याचे. पण हातापेक्षा त्यांची विचारपद्धत जास्त मोलाची: पेशंटची तक्रार जशीच्या तशी जागी करणारी एक हालचाल शोधायची, उपचार करायचा, लगेच तीच हालचाल पुन्हा तपासायची. एकच कोर्स करता येणार असेल तर मी या पद्धतीचा सुचवेन, कारण ही सवय बाकीच्या सगळ्या पद्धतींत उपयोगी पडते.

न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेंझी यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १९५६ साली पाय दुखणारा एक पेशंट चुकून डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि उठला तेव्हा पायातलं दुखणं गेलेलं होतं. त्यातून पुन्हापुन्हा हालचाल करवून दुखणं पायाकडून कमरेकडे सरकतं का, हे पाहण्याची पद्धत उभी राहिली. हिच्यात थेरपिस्टचे हात शेवटी येतात, आधी पेशंटची स्वतःची हालचाल. रोज खूप पेशंट असणाऱ्या ओपीडीत हे फार सोयीचं पडतं.

ब्रायन मलिगन हेही न्यूझीलंडचेच. थेरपिस्टने सांधा सरकवून धरायचा आणि त्याच वेळी पेशंटने हालचाल करायची, ती अजिबात न दुखता व्हायला हवी, ही त्यांची अट. दुखलं तर दिशा किंवा जोर बदला, तरीही दुखलं तर ते टेक्निक त्या पेशंटसाठी नाही. नियम इतका स्वच्छ आहे की शिकणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

नॉर्वेचे फ्रेडी कॅल्टनबॉर्न यांचा बहिर्गोल-अंतर्गोल नियम (सांध्यातल्या हाडाच्या आकारावरून ते कुठल्या दिशेला सरकवायचं ते सांगणारा) कॉलेजात सगळ्यांनी घोकलेला असतो. त्यावरून आखडलेल्या खांद्याचं बाहेरचं रोटेशन (हात बाहेर फिरवणं) वाढवायला पुढे ग्लाइड द्यायचा, म्हणजे सांध्यातलं हाड पुढे सरकवायचं, असं आपण परीक्षेत लिहिलं. २००७ साली आखडलेल्या खांद्याच्या पेशंटवर हे तपासलं गेलं. पुढे ग्लाइड दिलेल्यांचं बाहेरचं रोटेशन सरासरी ३ अंशांनी वाढलं आणि मागे ग्लाइड दिलेल्यांचं ३१ अंशांनी. अभ्यास लहान होता, पण पेशंटचा खांदा पुस्तकाचं ऐकेलच असं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. नियमावरून सुरुवात करा, फरक पडत नसेल तर उलट दिशा करून बघा.

माहितीपत्रक वाचताना

मी एकदा साठ जणांच्या वर्कशॉपला गेलो होतो. शिकवणारे एक, प्लिंथ (पेशंटला झोपवायची टेबलं) वीस, आणि मागच्या रांगेतले आम्ही खुर्चीवर उभं राहून सरांचे हात दिसतात का ते बघत होतो. दोन दिवसांत माझ्या हाताला कोणी हात लावून ‘इथे नाही, इथे’ असं म्हटलं नाही. सर्टिफिकेट मात्र छान जाड कागदावर छापलेलं होतं.

तेव्हापासून फी भरायच्या आधी फोन करून चार गोष्टी विचारतो. एका शिक्षकामागे किती जण? दहा-बारापेक्षा जास्त असतील आणि सहायक नसतील तर मी जात नाही. एकूण तासांपैकी प्लिंथवर किती? निम्म्याहून कमी असतील तर तो कोर्स ऑनलाइन ऐकलेला बरा. शेवटी हातांची परीक्षा आहे का? परीक्षेला घाबरू नका, परीक्षा घेतात म्हणजे कोणीतरी तुमचा हात तपासणार आहे. आणि कोर्सनंतर काय? महिन्याने एखादी ऑनलाइन केस-चर्चा असली तरी त्या कोर्सचं वजन माझ्या लेखी दुप्पट.

पाचवी गोष्ट विचारायची नसते, ऐकायची असते. शिकवणारे ‘मणका सरकलेला असतो, आपण तो जागेवर बसवतो’ असं सांगत असतील तर सावध व्हा. १९९८ साली तुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी सॅक्रोइलियाक सांध्याच्या (कणा आणि कटीचं हाड जिथे जुळतात त्या) मॅनिप्युलेशनच्या, म्हणजे हाताने दिलेल्या झटक्याच्या, आधी आणि नंतर फार बारीक मोजणी करणाऱ्या एक्स-रे पद्धतीने हाडांची जागा मोजली. जागा बदललेली नव्हती. २००४ सालच्या एका अभ्यासात कंबरेच्या थ्रस्टचा (झटक्याचा) ‘कट’ आवाज नेमका कुठून येतो ते मोजलं, तर तो ठरवलेल्या सांध्यापासून सरासरी ५ सेंटिमीटर दूर निघाला, म्हणजे निदान एक मणका इकडे किंवा तिकडे. आराम पडतो, यात वाद नाही. तो मुख्यतः मज्जासंस्थेच्या प्रतिसादामुळे पडतो, असंच आजचं बहुतांश संशोधन सुचवतं. हे कळलेला शिक्षक पेशंटला घाबरवणारी भाषा शिकवत नाही. ‘तुमचा मणका सरकलाय’ हे एक वाक्य पेशंट पुढे वीस वर्षं जपून ठेवतो आणि वाकायला भितो.

जाण्याआधीचे पंधरा दिवस

दोन कामं. पहिलं, निवडलेल्या भागाची शरीररचना हातांनी ताजी करा. सहकाऱ्याच्या पाठीवर स्किन पेन्सिलने मणके मोजा, मग दुसऱ्या सहकाऱ्याला मोजायला लावा आणि तुमच्या खुणा जुळतात का ते बघा. बऱ्याचदा जुळत नाहीत. मणका हातांनी अचूक ओळखण्याबाबत दोन थेरपिस्टचं एकमत कमी असतं, हे संशोधनातही पुन्हापुन्हा दिसलं आहे. म्हणून ‘एल-४ की एल-५’ (कमरेचा चौथा मणका की पाचवा) या वादात वेळ न घालवता ‘पेशंटची तक्रार जागी होते ती पातळी’ शोधायची.

दुसरं, हात कधी लावायचा नाही त्याची उजळणी. हे कोर्समध्ये अर्ध्या तासात उरकलं जातं, म्हणून घरून करून जा. लघवी अडणं किंवा नकळत होणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत वाढता अशक्तपणा, हे दिसलं तर पेशंट त्याच दिवशी पुढे पाठवायचा. दीर्घकाळ स्टेरॉइड, हाडांची ठिसूळता, पडल्यानंतरची पाठदुखी, कॅन्सरचा इतिहास, ताप, कारणाविना घटलेलं वजन हे प्रत्येक नव्या पेशंटला विचारायचंच.

मानेच्या बाबतीत आणखी एक पायरी. ‘अशी मान किंवा असं डोकं आधी कधीच दुखलं नव्हतं’ हे वाक्य ऐकलं की हात मागे घ्या. चक्कर, दुहेरी दिसणं, बोबडं बोलणं, गिळायला त्रास, अचानक कोसळणं, चेहऱ्यावर बधिरपणा, डोळे आपोआप हलणं हे विचारा. रक्तदाब मोजा, कवटीतल्या नसा (मेंदूतून निघणारे मज्जातंतू) तपासा. मान मागे-फिरवून धरून चक्कर येते का बघायच्या जुन्या चाचण्यांवर विसंबून पुढे जाऊ नका, त्या धोका ओळखायला अपुऱ्या आहेत. या विषयावरचा आंतरराष्ट्रीय आराखडा इफॉम्प्ट या मॅन्युअल थेरपीतल्या जागतिक संघटनेने २०२० साली सुधारून प्रसिद्ध केला आहे. मानेच्या कोर्सला जाण्याआधी तो वाचलाच पाहिजे, माझ्या मते कोर्सच्या हँडआउटपेक्षाही आधी.

त्या दोन दिवसांत

सगळं लिहून घेऊ नका. प्रत्येक सत्राच्या शेवटी एवढंच लिहा: पेशंटची स्थिती, माझा हात कुठे, दिशा कुठली, कधी करायचं नाही. परवानगी असेल तर शिक्षकांच्या हाताचा तीस सेकंदांचा व्हिडिओ. जोडीदार दर सत्राला बदला. सडपातळ मैत्रिणीच्या मानेवर जमलेलं टेक्निक रुंद खांद्यांच्या माणसावर जमत नाही, आणि हे ओपीडीत कळण्यापेक्षा वर्गात कळलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, परतीच्या घाईआधी, पाहिलेल्या सगळ्यांतून तीन टेक्निक्स निवडा. एक तपासणीचं, दोन उपचारांची. बाकीची सध्या विसरलात तरी चालेल.

आठवडा पहिला ते चौथा: हात

पहिले चार आठवडे पेशंटवर घाई नको. घरातला वजनकाटा प्लिंथवर ठेवा, त्यावर टॉवेलची घडी, आणि मणक्यावर दाब देतो त्याच पद्धतीने दाब द्या. कोपर सरळ, छाती हातांच्या बरोबर वर, दाब अंगठ्यांतून न येता शरीर पुढे झुकल्यामुळे येतो. काट्याकडे बघत ५ किलोपर्यंत जा, मग १०. आता डोळे मिटा, तेवढाच दाब द्या आणि सोबतच्याला आकडा वाचायला सांगा. पहिल्या दिवशी माझा ‘१० किलो’ कधी ६ होता, कधी १५. म्हणजे मी फाइलवर ‘ग्रेड तीन’ लिहीत होतो आणि पेशंटला रोज वेगळंच काही मिळत होतं.

मोबाइलवर मेट्रोनोम लावा आणि सेकंदाला दोन झोके असा ताल धरा. ३० सेकंद न चुकता जमेपर्यंत हे रोज पाच मिनिटं. कंटाळवाणं आहे, तबल्याच्या रियाजासारखंच. पंधराव्या दिवशी डोळे मिटूनही काटा एक-दोन किलोच्या आत यायला लागतो, आणि तेव्हा हाताखालचा प्रतिकार पहिल्यांदा नीट कळतो.

अंगठ्यांबद्दल इथेच सांगतो. मॅन्युअल थेरपी करणाऱ्यांत अंगठ्याचं दुखणं फार आढळतं आणि सुरुवातीच्या वर्षांतच जडतं. अंगठ्याचं टोक मागे वाकत असेल तर तो जोर देण्यासाठी वापरू नका. तळहाताची करंगळीकडची कड वापरा, प्लिंथ मांडीच्या मध्यापर्यंत खाली घ्या, आणि लागोपाठ तीन पेशंटवर तेच टेक्निक येणार असेल तर मधला पेशंट व्यायामाचा ठेवा.

आठवडा पाचवा ते आठवा: एक पेशंट, एक खूण

आता पेशंटवर. रोज एकच निवडा, ज्याची तपासणी नीट करायला वेळ मिळेल असा. सुरुवात संमतीने: ‘मी कमरेवर हाताने हलके झोके देणार आहे, दुखलं तर थांब म्हणा, उद्यापर्यंत थोडं अंग दुखू शकतं.’

मग समजा, त्यांना पुढे वाकायला लावलंत. बोटं नडगीच्या मध्यावर अडकली, दुखणं दहापैकी सहा. ही तुमची खूण. पालथं झोपवून तक्रार जागी करणारी पातळी शोधा, तिथे ३० सेकंदांचे झोके, तीन वेळा. उठवा. पुन्हा वाका. बोटं घोट्याजवळ गेली, दुखणं चार? तर तेच चालू ठेवा आणि लगेच त्याच नव्या टापूतला व्यायाम द्या, नाहीतर मिळालेलं संध्याकाळपर्यंत विरून जातं. काहीच बदललं नाही? पातळी, दिशा किंवा ग्रेड यांतली एकच गोष्ट बदला आणि पुन्हा तपासा. वाढलं? थांबा, आणि लिहून ठेवा.

इथे एक दिलासाही देतो. २००३ साली कंबरदुखीच्या १४० पेशंटवर झालेल्या अभ्यासात थेरपिस्टने विचारपूर्वक निवडलेलं मोबिलायझेशन आणि चिठ्ठी टाकून ठरवलेलं मोबिलायझेशन यांच्या तात्कालिक परिणामात फारसा फरक आढळला नाही. म्हणून ‘योग्य टेक्निक’ सापडेना म्हणून घाम फोडू नका. तपासणी, धोक्याची लक्षणं, पुन्हा तपासणं आणि मागोमाग व्यायाम, यांत ऊर्जा घाला.

मोजण्यासाठी दोन साधनं पुरे. दुखण्याचा शून्य ते दहा आकडा, आणि पेशंटने स्वतः सांगितलेली तीन कामं: खाली बसून उठणं, बाळाला उचलणं, तासभर गाडी चालवणं, जे त्यांना अडतं ते. प्रत्येक काम शून्य म्हणजे जमतच नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं जमतं. दोन्हीकडे साधारण दोन अंकांचा बदल झाला तर तो खरा धरायचा. एका अंकाने खूश होऊ नका, चांगली झोप लागली तरी तो बदलतो.

आठवडा नववा ते बारावा: दुसऱ्याचे डोळे

एकट्याने केलेला सराव चुकासुद्धा पक्क्या करतो. कोर्समधल्याच दोन-तीन जणांचा गट करा आणि पंधरा दिवसांतून एकदा तासभर भेटा, ऑनलाइन चालेल. नियम एकच: प्रत्येकाने न सुधारलेला पेशंट आणायचा. सुधारलेल्यांच्या कथा ऐकून कोणी शिकत नाही, आणि त्या सांगायला सगळ्यांनाच आवडतं, म्हणून हा नियम कडक ठेवा. नाव, फोटो, ओळख पटेल असं काही सांगायचं नाही.

शक्य असेल तर सीनियरला महिन्यातून एकदा तुमच्या शेजारी उभं राहून एक पेशंट बघायची विनंती करा. बघितल्यावर ‘छान केलंस’ ऐकून परत येऊ नका. थेट विचारा: मी काय विचारायचं राहिलं? हात कुठे चुकला? मला मिळालेला सर्वांत उपयोगी शेरा असा होता: ‘तू पेशंटचं बोलणं पूर्ण व्हायच्या आधीच त्यांना पालथं झोपवलंस.’ ती सूचना मॅन्युअल थेरपीची नव्हती, तरी मला सर्वांत जास्त कामाला आली.

पुढची मोठी वाट

हे जमलं आणि आवड टिकली तर पुढे मॉड्यूलवार सर्टिफिकेट, मग पदव्युत्तर शिक्षण. या क्षेत्राचे जागतिक निकष इफॉम्प्ट ठरवते. पूर्ण नाव इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ ऑर्थोपेडिक मॅनिप्युलेटिव्ह फिजिकल थेरपिस्ट्स, स्थापना १९७४. त्यांच्या निकषांत किमान २०० तास थिअरी, १५० तास प्रात्यक्षिक आणि १५० तास मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंट बघणं आहे. दोन दिवसांच्या वर्कशॉपचे साधारण १४-१६ तास या आकड्यांशेजारी ठेवून बघा. म्हणून वर्कशॉपनंतर स्वतःच्या नावापुढे ‘मॅन्युअल थेरपी स्पेशालिस्ट’ लावायची घाई नको, विशेषतः मानेच्या थ्रस्टबाबत. तो मी तरी देखरेखीखाली शिकल्याशिवाय कोणावर करू नये असंच म्हणेन.

मोठ्या कोर्सची चौकशी करताना फी आणि कालावधी सगळेच विचारतात. ‘देखरेखीचे तास किती, आणि देखरेख करणार कोण’ हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तो वर्षभर लांबवलेला वर्कशॉप समजा.

सर्टिफिकेट, तासांचा हिशोब आणि क्रेडिट पॉइंट यांची एक फाइल वेगळी ठेवा आणि प्रत्येक कोर्सच्या तारखेसोबत शिकलेल्या तीन टेक्निक्सची नावं लिहा. नोंदणीच्या नूतनीकरणाला कागद लागतात. तीन नावं तुमच्यासाठी.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा कपाट उघडा. त्याच भागाच्या, कोर्सनंतर आलेल्या फायली काढा, तेच तीन रकाने आखा आणि जुना कागद शेजारी ठेवा. सिटिंग कमी लागतायत का? अर्ध्यात सोडून जाणारे घटलेत का? तिसऱ्या रकान्यात ‘जिथे होता तिथेच’ किती वेळा आलंय? दोन्ही कागद सारखेच दिसले तर पुढच्या मॉड्यूलची फी थांबवा आणि वजनकाटा पुन्हा प्लिंथवर ठेवा.